मागच्या रांगेपासून सुरुवात करा

वाचकाचं पत्र

ताई, जय ख्रिस्त.

मी जालना जिल्ह्यातल्या एका धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) परिषदेचा सचिव आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो, त्यामुळे सगळे अजून गुरुजीच म्हणतात. येत्या जानेवारीत आमच्या धर्मप्रांताचा (डायोसिसचा) ख्रिस्तशरीराचा, म्हणजे मिस्सात मिळणाऱ्या पवित्र भाकरीच्या सन्मानाचा, मोठा मेळावा छत्रपती संभाजीनगरला आहे. पवित्र मिस्सा, आराधना, मिरवणूक, असा दिवसभराचा कार्यक्रम. आमच्याकडून चारेकशे लोक न्यायचे आहेत आणि गायनाचा काही भागही आमच्याकडे आलाय.

आमच्यात तीन तऱ्हेचे लोक आहेत. सात-आठ खेड्यांतली मराठी कुटुंबं. नोकरी-धंद्यानं शहरात आलेली केरळ, मंगलोर, गोव्याकडची मंडळी. त्यांची इंग्रजी मिस्सा वेगळी असते. आणि एमआयडीसीत स्टीलच्या कारखान्यांत राबणारी झारखंडची पोरं. पहिल्याच बैठकीत गाणी कोणत्या भाषेत घ्यायची यावरून वाजलं. आरतीचं नाव काढल्यावर एक जण म्हणाले, हे आपलं नव्हे. मिरवणुकीत ख्रिस्तशरीरावर छत्र कोणी धरायचं यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालं. खेड्यातल्या बाया म्हणतात, 'आम्ही मागं बसू, आम्हाला काय कळतं.' फादरांनी सगळं माझ्यावर सोपवलंय. एवढ्या तऱ्हेच्या लोकांची तयारी करून घ्यावी तरी कशी?

एक गुरुजी

उत्तर

गुरुजी, जय ख्रिस्त.

भांडणं तुम्ही सविस्तर लिहिलीत आणि बायांचं ते वाक्य जाता जाता लिहिलंत. मला वाटतं तुमची खरी अडचण त्या वाक्यात आहे. गाणी, आरती, छत्र यांतून वाट निघेल, त्याकडे येतेच. पण 'मागं बसू' म्हणणारी बाई तिकडे जाऊनही मागंच बसली आणि तशीच परत आली, तर चारशे माणसं नेऊन आपण काय केलं?

बायबलमधल्या, पौलानं करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय काढा. प्रभूच्या शेवटच्या भोजनाबद्दल नव्या करारात जे लिहिलंय त्यातला हा सगळ्यात जुना मजकूर, चारही शुभवर्तमानांच्या आधीचा. आणि पौलाला तो लिहावा लागला तो भांडणामुळेच. करिंथच्या मंडळीत सुखवस्तू लोक आधी येऊन आपापलं खाऊन घेत. उशिरा येणाऱ्यांच्या वाट्याला काही उरत नसे. हे बहुतेक मजूर आणि गुलाम असावेत असं अभ्यासक म्हणतात. एक उपाशी, दुसरा झिंगलेला. ज्यांच्याकडे काही नाही त्यांना तुम्ही लाजवता, असं पौल त्यांना तोंडावर सुनावतो. उपायही साधा सांगतो: जेवायला एकत्र जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा.

हा अध्याय समजावून सांगायला मराठवाड्यात फार कष्ट पडत नाहीत. 1890 च्या दशकात फ्रान्सहून आलेल्या मिशनऱ्यांनी घोगरगावच्या परिसरात काम सुरू केलं. तेव्हापासून जी कुटुंबं ख्रिस्ती झाली, त्यातली बहुतेक गावाच्या कोणत्या टोकाला राहत होती हे तुम्हाला मी सांगायला नको. गावातल्या लग्नात त्यांची पंगत वेगळी, सगळ्यांचं उरकल्यावर. वाढणारा हात उंच धरून वरून टाकायचा, स्पर्श नको म्हणून. हे डोळ्यांनी पाहिलेल्या म्हाताऱ्या आपल्या खेड्यांत अजून आहेत.

वैजापूर तालुक्यातल्या एका वस्तीवर संध्याकाळच्या शिकवणीला मी बसले होते. सिस्टर हाच अध्याय सांगत होत्या. एक आजी उंबऱ्याबाहेर, चपलांजवळ बसलेली. सिस्टर बोलायच्या थांबल्यावर तिनं पदर सारखा करत विचारलं, 'बाई, पुढच्यांना जे देत्यात तेच आमाला मिळतं का, का आमचं येगळं असतंय?' कितीतरी वर्षं ती मिस्साला येत होती, आणि हा प्रश्न पोटात ठेवून येत होती. सिस्टर उठून तिच्याजवळ जाऊन बसल्या. म्हणाल्या, 'एकाच वेदीवरचं, आजी. बिशपांना जे, तेच तुम्हाला. एक कणही वेगळा नाही.' आजी म्हणाली, 'मग बरंय,' आणि उठून आत येऊन बसली.

गुरुजी, तयारी म्हणजे माझ्या लेखी हे. बाकी सगळं व्यवस्थापन आहे. तेही करायचंच, पण त्याची जागा नंतरची.

म्हणून मिस्सा संपल्यावर माईकवरून 'नावं द्या' सांगण्यापेक्षा घरोघर जा. दोघादोघांच्या जोड्या लावा, एक माणूस शहरातला आणि एक खेड्यातला. केरळच्या ज्या नर्सबाई गेली वीस वर्षं जालन्यात आहेत, त्यांनी तुमच्या खेड्यातल्या एखाद्या घरात चहा घेतला नसण्याचीच शक्यता जास्त. खेड्यातल्या बाईनंही त्यांच्या फ्लॅटचा जिना चढला नसेल. आधी हे होऊ द्या. कोण येणार, कोण अंथरुणाला खिळलंय, कोणाला साखर आहे, वाचता कोणाला येतं, एवढंच विचारायचं. नर्सबाई जोडीत असल्या की साखरेचं बोलणं आपोआप निघतं.

त्यानंतर प्रत्येक खेड्यात तीन संध्याकाळी ठेवा, शेतातली माणसं परतल्यावर, आठनंतर. पहिल्या दिवशी लूकच्या चोविसाव्या अध्यायातली अम्माऊसच्या वाटेची गोष्ट. दोघे खचलेले शिष्य चालतायत, सोबतीला कोण आहे हे त्यांना कळत नाही, आणि भाकर मोडताना डोळे उघडतात. ही गोष्ट वाचून दाखवू नका, सांगा. दुसऱ्या दिवशी करिंथ आणि पंगत. त्या दिवशी तुम्ही कमी बोला, म्हाताऱ्यांना बोलू द्या. तिसऱ्या दिवशी प्रत्यक्ष रीत: रांगेत कसं यायचं, 'ख्रिस्ताचं शरीर' म्हटल्यावर 'आमेन' स्पष्ट म्हणायचं, ते जिभेवर किंवा हातावर कसं घ्यायचं, आणि हातावर घेतलं तर तिथंच मुखात घालायचं. लेकराबाळांसमोर एकदा करून दाखवा. मोठ्यांनाही ते हवं असतं, फक्त ते विचारत नाहीत.

याच तिसऱ्या संध्याकाळी उपासाचं नक्की सांगा. आपल्या खेड्यांत अजून कित्येक बाया आदल्या रात्रीपासून पाणीसुद्धा घेत नाहीत, कारण आजीनं तसं शिकवलं होतं. आजीचं चुकलं नव्हतं, तिच्या काळी नियम मध्यरात्रीपासूनचाच होता. पोप पायस बारावे यांनी 1957 मध्ये तो तीन तासांवर आणला आणि पोप सहावे पॉल यांनी नोव्हेंबर 1964 मध्ये एका तासावर. ख्रिस्तशरीर स्वीकारण्याआधी एक तास, बस. पाणी आणि औषधानं हा उपास मोडत नाही. वृद्धांना, आजाऱ्यांना आणि त्यांची देखभाल करणाऱ्यांना तेवढंही बंधन नाही. पहाटे चारला निघून तीन तास गाडीत हादरे खात आलेली, साखरेची गोळी घेतलेली, पोटात अन्न नसलेली बाई दुपारच्या मिरवणुकीत चक्कर येऊन पडते, आणि लोक त्याला भक्ती म्हणतात. तुम्ही शाळेत मुलांना डबा खायला बसवायचात तसं त्यांना गाडीतच भाकरी खायला लावा.

आता भाषा. मिस्साचा गाभा मराठीत ठेवा. आपण मराठवाड्यात आहोत आणि बहुसंख्य लोक मराठी आहेत. पण पाहुण्यांना एखादं गाणं 'देऊन' मोकळं व्हायचं, असंही करू नका. विश्वासूंच्या प्रार्थना चार-पाच भाषांत सहज होतात: एक मल्याळममध्ये, एक कोकणीत, एक झारखंडच्या पोरांच्या सादरीत. जी प्रार्थना कळत नाही तिच्यानंतरचं उत्तर सगळ्यांनी मराठीत द्यायचं. 'आमेन' आणि 'आलेलुया' तर सगळ्यांचं एकच आहे. गाणी थोडी आणि तोंडपाठ असलेली निवडा. नव्या चालीची सुंदर गाणी गायनमंडळाला आवडतात आणि चार हजार लोक गप्प उभे राहतात. आराधनेच्या वेळी धुव्याचं, म्हणजे पालुपदाचं, भजन घ्या, एकानं म्हणायचं आणि सगळ्यांनी उचलायचं. वाचता न येणाऱ्या बाईलाही ते दुसऱ्या ओळीपासून येतं. टाळ आणि ढोलकीला पुढं जागा द्या.

झारखंडच्या पोरांकडे तर तुम्ही मदत मागायला जा. छोटा नागपूरला कॉन्स्टंट लीव्हेन्स नावाचे बेल्जियन फादर 1885 मध्ये आले. त्या भागातल्या कित्येक घरांत ख्रिस्ती श्रद्धेची चौथी-पाचवी पिढी आहे. मिस्सातलं गाणं आणि मिरवणुकीतला नाच ही पोरं लहानपणापासून बघत आलीत. आपल्याकडे त्यांना हेल्पर म्हणून ओळखतात. एखाद्या रविवारी त्यांना त्यांचा मांदर ढोल घेऊन खेड्यातल्या मिस्साला बोलवा आणि काय होतं ते बघा. मात्र भट्टी रविवारी बंद नसते. त्यांच्या सुट्टीचं ठेकेदाराशी महिनाभर आधी बोलावं लागेल. ते पोरांवर सोडू नका, धर्मग्रामाच्या लेटरहेडवर पत्र घेऊन तुम्ही स्वतः जा. तुमच्या वयाच्या माणसाला ठेकेदार खुर्ची देतो, पोरांना उभं करतो.

आरती 'आपली नव्हे' म्हणणाऱ्या गृहस्थांना रागावू नका. त्यांच्या घरी दुसरी रीत आहे आणि ती त्यांना प्रिय आहे. त्यांना एवढं सांगा की 1969 मध्ये भारतातल्या बिशपांनी मागितलेल्या बारा गोष्टींना रोमनं मान्यता दिली. अंजली हस्त म्हणजे हात जोडून नमस्कार, जमिनीवर बसणं, पादत्राणं काढणं, समई आणि आरती हे सगळं त्यात आहे. म्हणजे ही कोणा एका फादरांची हौस नाही. मग त्यांनाच विचारा, तुमच्या गावच्या चर्चमधली कोणती रीत इथं यावी असं वाटतं? कदाचित मुत्तुकुडा म्हणतील, केरळच्या मिरवणुकीतल्या त्या रंगीत छत्र्या. येऊ द्या की!

छत्राचं भांडण मात्र चर्चेनं सुटणार नाही. दोन घरांची समजूत काढत बसाल तर तिसरं घर रुसेल. छत्राला चार दांडे असतात आणि मिरवणूक मध्ये थांबत थांबत जाते, तेव्हा प्रत्येक टप्प्यावर माणसं बदला. आयोजकांना तसं आधी कळवा. आणि तुमच्या धर्मग्रामाच्या वाट्याला जो टप्पा येईल त्यावर ज्यांनी आजवर काहीच धरलं नाही अशांना उभं करा. भांडणारी दोन्ही घरं त्या दिवशी पाण्याच्या टाकीवर असू द्यात, एकत्र. सचिव म्हणून एवढा अधिकार तुम्हाला आहे, तो वापरा.

एक नाजूक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण ती तुमच्याकडे असणारच. ज्यांचं लग्न चर्चमध्ये झालेलं नाही, ज्यांची बायको किंवा नवरा सीएनआय या प्रोटेस्टंट चर्चचा आहे, ज्यांच्या घरात अर्धे बौद्ध आणि अर्धे ख्रिस्ती आहेत, त्यांचं काय? जालन्यात प्रोटेस्टंट मंडळी आपल्याइतकीच जुनी आहेत. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं ते एकोणिसाव्या शतकात. नात्यागोत्यात सगळे मिसळलेले आहेत आणि मेळाव्याला सगळे येतील. त्यांना यायला सांगाच. पण ख्रिस्तशरीर कोणी स्वीकारायचं याचा नियम रांगेत, शंभर लोकांसमोर सांगायची वेळ आणू नका. माईकवरून 'फक्त कॅथोलिकांनी पुढे यावे' असं खणखणीत ऐकलेली माणसं परत येत नाहीत. तिसऱ्या संध्याकाळी, घरगुती आवाजात, त्यामागचं कारण सांगा. ज्यांच्या लग्नाला चर्चचा विधी करून घेता येण्यासारखा आहे, त्यांना आत्ताच फादरांकडे न्या. बाप्तिस्म्याचा दाखला मागवण्यातच दोन महिने जातात. ज्यांचं तसं जमणार नाही, त्यांच्याशी फादरांनी एकट्यानं, वेळ देऊन बोलावं. त्यांच्या यादीची वही करू नका. खेड्यात वही कोणाच्या हातात पडेल सांगता येत नाही.

पापनिवेदनही मेळाव्याच्या मैदानावर ढकलू नका. तिथं रांग लांब आणि वेळ थोडा. आदल्या आठवड्यात शेजारच्या धर्मग्रामांतून मल्याळम, कोकणी, हिंदी येणारे फादर बोलावून घ्या. आपल्या भाषेतच माणसाला रडता येतं.

प्रवासाचं थोडक्यात. टेम्पोत माणसं भरू नका, कितीही स्वस्त पडलं तरी. एसटीची गाडी प्रासंगिक करारावर मिळते, आगारात लवकर अर्ज द्या. जानेवारीची पहाट आपल्याकडे चांगलीच बोचरी असते, शाली आणायला सांगा. बायकांसाठी संडास किती आणि कुठं आहेत हे आयोजकांना आत्ता विचारा. हा प्रश्न बैठकीत पुरुष विचारत नाहीत आणि बायका लाजतात. दिवसभर पाणी न पिता बसायचं, हे आपल्या बायकांनी फार सोसलं.

बसण्याच्या जागेसाठी मात्र हट्ट धरा. अशा मेळाव्यांत पुढच्या खुर्च्या संस्थांना आणि शहराला जातात, खेडी मंडपाच्या शेवटच्या खांबाशी. तुमच्या चारशे लोकांना एकत्र गठ्ठ्यानं बसवून घेऊ नका, गावं आणि शहर मिसळून बसवा. आणि ख्रिस्तशरीर देणारे मागच्या भागातही उभे राहतील याची खात्री करून घ्या. एका माणसाला पाच-सहा सेकंद लागतात. एका सेवकाकडे दीडशे लोक आले तर पंधरा मिनिटांत होतं, पाचशे आले तर पाऊण तास लागतो, आणि तोवर पुढचे लोक शेवटचं गाणं म्हणून उठलेले असतात. मागचा माणूस स्वीकारून जागेवर येईपर्यंत गाणं चालू ठेवा. 'एकमेकांची वाट पाहा' हे पौलाचं सांगणं मैदानावर पाळायचं ते असं.

आता ज्यांच्यासाठी मला सगळ्यात जास्त लिहायचं होतं ते. तुमच्या खेड्यांतली ऊसतोडीला जाणारी घरं. जानेवारी म्हणजे ऐन हंगाम. हे लोक तेव्हा अहिल्यानगर, सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडच्या फडात असतील. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, मार्च-एप्रिल होतो. उचल घेतलेली असते. एक दिवस खाडा केला तर पैसे कापतात, त्यामुळे मेळाव्याला या म्हणणं म्हणजे त्यांना लाजवणंच. तरीही मेळावा त्यांचाही आहे. कोणती टोळी कोणत्या कारखान्याला चालली ते कळलं, की तिथल्या जवळच्या धर्मग्रामाच्या फादरांना तुमच्या फादरांकडून फोन करवा. मेळाव्याच्या आठवड्यात एका संध्याकाळी त्यांच्या कोप्यांवर (झोपड्यांवर) येऊन मिस्सा करा म्हणावं. ऊस उतरवून, अंघोळी करून माणसं नऊ वाजता बसतील, पण बसतील. मेळाव्यात विश्वासूंच्या प्रार्थनेत त्यांच्या गावांची नावं घ्या. आणि त्यांच्या लेकरांचं बघा. पहिल्या ख्रिस्तप्रसादाची शिकवणी आपण दिवाळीनंतर सुरू करतो आणि ईस्टरला संपवतो, म्हणजे ही लेकरं दर वर्षी बरोबर त्याच महिन्यांत गावात नसतात. बारा-तेरा वर्षांची झाली तरी ती राहून गेलेली असतात आणि मोठेपणी मागच्या रांगेत बसतात. त्यांचा वेगळा वर्ग जूनपासून दसऱ्यापर्यंत घेतला तर ते होणार नाही. या वर्षी जून गेला, पण आता रोज संध्याकाळी बसवलीत तरी दसऱ्यापर्यंत पुष्कळ होईल. शिकवायचं काम तुम्हाला जमतंच.

पोळा झालाय. दसरा-दिवाळीच्या दरम्यान टोळ्या निघतील, तेव्हा तुमच्या जोड्यांची पहिली फेरी याच घरांची करा. कोणता कारखाना, मुकादम कोण, लेकरं किती आणि कितवीत, एखादा चालू असलेला मोबाईल नंबर, एवढं लिहून घ्या आणि येत्या रविवारी मिस्सा सुटल्यावर फादरांना तो कागद द्या.

तुमची,
ताई